चार वर्षांची आई

गेल्या वेळी आम्ही तुम्हाला माळ्यावरच्या ट्रंका खाली काढायला सांगितले होते. बऱ्याच जणींनी काढल्या असे दिसते, कारण तेव्हापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी आमच्याकडे येतो आहे. कागद सापडले, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही. आजीचे जन्मसाल पत्रिकेत एक, शाळेच्या दाखल्यात दुसरे, रेशनकार्डावर तिसरे. पणजोबांचे नाव सनदेत एक आणि घरच्या वंशावळीत भलतेच. मग खरे कोणते धरायचे?

आम्ही काही इतिहासकार नाही. आम्ही चौघी एकाच घराण्यातल्या सख्ख्या-चुलत बहिणी. एका चुकीच्या मागे लागून पाच वर्षे पुण्यातली दप्तरे, नाशिकच्या वह्या आणि नात्यातल्या म्हाताऱ्या बायकांची माजघरे पालथी घातली, एवढीच आमची लायकी. ती चूक आधी सांगतो.

आमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत आहे. एका काकाआजोबांनी गावोगावच्या भाऊबंदांना पोस्टकार्डे घालून माहिती जमवली आणि पुस्तक केले. मेहनत मोठी, त्याबद्दल वाद नाही. त्यात आमच्या पणजोबांखाली लिहिले आहे : पत्नी लक्ष्मीबाई, जन्म शके १८०८. पुढे मुलांची नावे, आणि त्यात थोरल्या मुलाचा जन्म शके १८१२. म्हणजे थोरला मुलगा झाला तेव्हा आई चार वर्षांची! पुस्तक घरात पन्नास वर्षे होते. पुरुषांनी ते वाचले, त्यावर भाषणे केली, गोत्र-प्रवर पाठ केले. ही वजाबाकी कुणी केली नाही. आमच्यातल्या धाकटीने मुलाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी झाड काढायला घेतले, तेव्हा तिच्या लक्षात आले.

पहिला विचार कुणाच्याही मनात येतो तोच आमच्या आला, छापताना आकडा चुकला असेल. असे पुष्कळ होते. पण आकडा दुरुस्त करायचा तर कोणता? आईचा, की मुलाचा? इथेच थांबलो आणि जरा इकडेतिकडे बघायला लागलो.

या कामात आम्हाला सर्वांत धीर दिला तो शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीच्या वादाने. तुम्ही म्हणाल, एवढी मोठी गोष्ट आपल्या ट्रंकेशी कशाला जोडता? पण ती मुळात एका घराण्याच्या कागदाचीच गोष्ट आहे. पूर्वी बखरींच्या आधाराने महाराजांचा जन्म वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ म्हणजे १६२७ सालचा मानत. मग भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातली एक शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली. शकावली म्हणजे सालवार टिपण, कोणत्या शकात कोणत्या तिथीला काय झाले ते. जेध्यांचे घराणे कान्होजींपासून स्वराज्याच्या कामात असलेले, त्यामुळे त्यांच्या टिपणात घरच्या गोष्टींबरोबर राज्याच्याही आल्या. ती १९१६ च्या सुमारास पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तातून छापून आली, आणि तिच्यात जन्मतिथी निघाली फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. फरक तीन वर्षांचा.

आता इकडे अनेक बखरी आणि तिकडे एका देशमुखाच्या घरचे टिपण. डोकी मोजली तर बखरी जिंकतात. पण जाणत्यांनी डोकी मोजली नाहीत. बखरी बऱ्याचशा उशिराच्या, काही तर महाराजांनंतर शंभर वर्षांहून अधिक काळाने लिहिलेल्या, आणि एकीचे पाहून दुसरीने उतरवलेल्या. दहा नकला म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. पुढे कवींद्र परमानंदाचे संस्कृत शिवभारत छापून आले. हा कवी महाराजांच्या काळातला, आणि त्याने दिलेली तिथी जेध्यांच्या टिपणाशी जुळली. मग जोधपूरकडे जुन्या जन्मपत्रिकांचा संग्रह मिळाला, त्यातही तीच. मावळातला देशमुख, संस्कृत कवी आणि मारवाडातला ज्योतिषी, हे तिघे एकमेकांचे पाहून लिहिणारे नव्हेत. म्हणून त्यांचे वजन. आज सरकारी शिवजयंती १९ फेब्रुवारीला होते ती या १६३० सालच्या तारखेमुळे.

आणखी एक बारीक गंमत इथेच सांगून टाकतो, कारण ती तुमच्या ट्रंकेतही निघेल. शकाचे इसवी सन करताना आपण ७८ मिळवतो. शके १५५१ मध्ये ७८ मिळवा, १६२९ येतात. मग १६३० कुठून आले? शक बदलतो चैत्र पाडव्याला आणि इंग्रजी साल बदलते जानेवारीत. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथीला ७९ मिळवावे लागतात, आणि फाल्गुन त्यातच येतो. पौषाच्या अखेरीपासून फाल्गुनापर्यंत जन्मलेल्या कितीतरी आज्या या एका बेरजेपायी वर्षाने थोरल्या झाल्या आहेत. जुन्या सरकारी कागदात तर शकही नसतो, तिथे अरबी शब्दांत मोजलेला सुहूर सन किंवा फसली साल असते. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, फसलीत ५९० किंवा ५९१. दोन्ही साले पावसाळ्याच्या तोंडाशी बदलतात. शेतकऱ्याचे वर्ष मृगापासून, ते बरोबरच आहे, पण आपल्या हिशेबाला ताप.

तर जेध्यांच्या धड्याप्रमाणे आम्ही विचारायला लागलो : हा कागद कुणी लिहिला, केव्हा लिहिला, आणि कशासाठी लिहिला? मैत्रिणींनो, यातला तिसरा प्रश्न सर्वांत उपयोगी.

पुण्यात ससून रुग्णालयाकडून स्टेशनकडे जाताना पुराभिलेखागाराची दगडी इमारत लागते. पेशवे दप्तर तिथे आहे, रुमालात बांधलेले. रुमाल म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत त्यातून निवडक कागद काढून ४५ भाग छापले, तरी दप्तराच्या मानाने ते मूठभरच. आम्हाला तिथे गेल्यावर वाटायचे की घराण्याची जुनी वंशावळ मिळाली म्हणजे सगळे सुटले. तशा वंशावळी पुष्कळ असतात. पण त्या केव्हाच्या? १८१८ मध्ये पेशवाई गेली. इंग्रजांना प्रश्न पडला, एवढी गावे, एवढ्या जमिनी इनाम कशा? १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसले आणि इनामदारांना सांगण्यात आले, पुरावा दाखवा. मग लोकांनी कैफियती दिल्या आणि त्यांना वंशावळी जोडल्या. मूळ इनाम कुणाला, त्याचा मुलगा कोण, नातू कोण, दत्तक कोण.

म्हणजे ती वंशावळ घरातल्या माणसांची यादी नव्हतीच, हक्काची साखळी होती. ज्या भावाने वाटणी घेऊन दुसरे गाव धरले तो गळला. दत्तकाला औरस म्हणायचा मोह होता, तो काहींनी आवरला, काहींनी नाही. मुली लिहायचे कारणच नव्हते. बायको दिसते ती एकाच ठिकाणी, नवरा निपुत्रिक गेला आणि तिने दत्तक घेतला तर. घराण्यात दोनशे वर्षे बायका नांदल्या, आणि कागदात आल्या त्या फक्त वंश तुटायची वेळ आल्यावर!

याच कागदांमध्ये दोन शब्द भेटतील, ते ओळखून ठेवा. अमुक 'बिन' तमुक म्हणजे तमुकाचा मुलगा. (आमच्यातल्या एकीने पहिल्यांदा 'बिन' म्हणजे 'वाचून' असा अर्थ लावला होता आणि हा माणूस बापावाचून कसा, म्हणून दिवसभर हळहळली होती.) आणि अमुक 'कोम' तमुक म्हणजे तमुकाची बायको. 'कोम' दिसला की तिथे बोट ठेवा, कारण तिथे एखाद्या बाईचे नाव सापडण्याचा संभव आहे.

मोडी वाचता येत नसेल तर शिकता येते, पुण्यात वर्ग चालतात, आमच्यातल्या दोघी पन्नाशीनंतर शिकल्या. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडून लिहीत नाहीत, एका रेघेखाली सगळे सलग. त्यामुळे वाचणारा आपल्या मनातले नाव त्यात वाचतो. काकाआजोबांचा कुलवृत्तांतही असाच दुसऱ्याने वाचून दिलेल्या मोडी कागदांवर उभा होता.

इथे जरा आडवळण घेतो, कारण पुण्यात राहून 'ध चा मा' न सांगणे शोभणार नाही. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारले. गोष्ट अशी सांगतात की रघुनाथरावांनी 'धरावे' असे लिहिले होते आणि आनंदीबाईंनी त्याचे 'मारावे' केले. रामशास्त्र्यांनी दोषी धरले ते रघुनाथरावांना. ते अक्षर बदललेला कागद मात्र कुणी पुढे ठेवलेला नाही. तरी अडीचशे वर्षे मराठीत कागदातल्या लबाडीला नाव चिकटले आहे ते एका बाईचे. ज्या काळच्या वंशावळींत बायका शोधून सापडत नाहीत, त्या काळातली ही एक नोंद मात्र कुणी विसरत नाही. असो.

परत आमच्या लक्ष्मीबाईंकडे.

बायकांच्या बाबतीत पहिली अडचण नावाचीच. मुलीचे पत्रिकेतले नाव एक, हाक मारायचे दुसरे, लग्नात तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने लिहिलेले तिसरे, आणि म्हातारपणी सगळ्या गावाची ती 'काकू' किंवा 'जिजी'. कल्याणच्या जोशांची यमुना आणि अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेली आनंदीबाई या दोन बायका नव्हेत हे आपल्याला माहीत आहे, कारण आनंदीबाईंची चरित्रे लिहिली गेली. न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सीला त्यांच्या रक्षेवर दगड उभा आहे, त्यावर आनंदी जोशी हे नाव आहे. चरित्र नसते आणि माहेरचे टिपण एकीकडे, सासरचे दुसरीकडे असे कागद हाती आले असते, तर आपण यमुना बालपणी वारली असे खुशाल लिहिले असते. रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच. त्या पिढीत यमुना किती होत्या आणि सासरी त्यांचे काय काय झाले, हा हिशेब कुठल्याही दप्तरात नाही.

दुसरी अडचण वयाची, आणि इथे चुका कधी कधी मुद्दाम केलेल्या असतात. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, त्यावरून पुण्यात केवढे रण माजले ते तुम्ही वाचले असेल. पुढे १९२९ चा सारडा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू झाला आणि मुलीच्या लग्नाचे वय किमान १४ झाले. कायद्याच्या धाकाने काही घरांत मुलींची वये कागदावर एकदम वाढली. तुमच्या आजीचे लग्न त्या सुमारास झाले असेल आणि तिचे वय कागदावर दोन-तीन वर्षांनी जास्त दिसत असेल, तर कारण कदाचित हे असेल. शाळेची गोष्ट उलटी. आईबापांना तारीख सांगता आली नाही की गुरुजींनी १ जून लिहिली, कारण शाळा जूनमध्ये सुरू होई आणि वयाचा हिशेब जुळे. महाराष्ट्रात एक अख्खी पिढी १ जूनला जन्मली आहे. त्या दिवशी फोनवर शुभेच्छा पाठवता पाठवता आमची बोटे दुखतात. जन्म-मृत्यूची नोंद सक्तीची झाली ती १९६९ च्या कायद्याने, त्यामुळे त्याआधीची पालिकेची नोंद नाही म्हणजे माणूस जन्मलाच नाही असे समजू नका.

आणि तिसरी अडचण पुणेकरांना वेगळी सांगायला नको. १२ जुलै १९६१. पानशेत आणि खडकवासला फुटले आणि नारायण, शनिवार, सदाशिव पेठांच्या नदीकडच्या भागांत माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. आमची ट्रंक त्यात गेली. नंतर जे 'जुने' म्हणून घरात राहिले ते पुरानंतर आठवून लिहिलेले होते, आणि आठवून लिहिणाऱ्याने कुलवृत्तांत समोर ठेवला होता. म्हणजे आमच्याकडे दोन कागद दिसत होते खरे, पण साक्षीदार एकच. जेध्यांचा धडा इथे कामी आला. आम्ही तो दुसरा कागद बाजूला सारला.

मग चार वर्षांची आई सुटली कशी? कागदाने नाही. स्वयंपाकघराने.

आमच्या आजीकडे भाद्रपदात, पितृपक्षातल्या नवमीला एक सवाष्ण जेवायला असे. अविधवा नवमी. ज्या बायका नवऱ्याच्या आधी, सवाष्ण म्हणून गेल्या त्यांची ही तिथी. आजी त्या दिवशी खीर-वडे करी, सवाष्णीची ओटी भरी, आणि विचारले तर म्हणे, "आपल्या थोरल्यांचं आहे." नवरा गेल्यावर हे थांबवावे असे काही म्हणतात. आमच्या घरात थांबले नाही. आम्ही लहान होतो, आम्हाला खिरीशी मतलब. आता धाकटीने ती वजाबाकी पुढे टाकल्यावर आमच्यातल्या मोठीला एकदम आठवले. तिने विचारले, आजीची सासू, म्हणजे लक्ष्मीबाई, विधवा होऊन कितीतरी वर्षांनी गेली. लाल आलवणातली ती आपल्या वडिलांना चांगली आठवते. मग नवमीला ही सवाष्ण कुणाच्या नावाची?

घरात आणखी एक बाई होती.

आजी तेव्हा हयात नव्हती. तिची धाकटी जाऊ होती, नव्वदीच्या घरात. तिला सन विचारून उपयोग नव्हता, आम्हाला ते आधी कळले नाही आणि एक दुपार वाया गेली. दुसऱ्या खेपेला प्रसंग विचारले. म्हाताऱ्या बायकांना साल आठवत नाही, पण पानशेतच्या वेळी कोण पोटात होते, गांधीजी गेले तेव्हा बिऱ्हाड कुठे होते, कोयनेच्या भूकंपाच्या पहाटे कोण घरी होते, हे चोख आठवते. काकूआजी म्हणाल्या, सासूबाई लग्न होऊन आल्या त्या प्लेगाच्या पुढच्या वर्षी, आणि आल्या त्याच दिवशी दोन मुले मांडीवर बसली. त्या स्वतः बारा वर्षांच्या. थोरला दीर आईएवढाच दिसे म्हणून लोक हसत. आणि नाव? "दोघींचं एकच ठेवलं. मामंजींना दुसरं नाव तोंडात बसंना."

झाले. पणजोबांची पहिली बायको १८९७ च्या प्लेगात गेली. तो प्लेग म्हणजे रँडचा प्लेग, घरोघर सोजिरांची तपासणी, आजारी माणसांना उचलून नेणे. सावित्रीबाई फुले आजाऱ्यांची शुश्रूषा करता करता गेल्या तो १० मार्च १८९७ चा दिवस त्याच साथीतला. त्या बाईची दोन मुले मागे राहिली. वर्षभराने दुसरी आली, तिलाही लक्ष्मी नाव दिले. पुढे काकाआजोबांचे पोस्टकार्ड आले तेव्हा कुणी तरी उत्तर लिहिले : पत्नी लक्ष्मीबाई. उत्तर खोटे नव्हते. जन्मसाल जिवंत असलेल्या लक्ष्मीचे दिले, आणि सगळी मुले तिच्या पदरात घातली. छापणाऱ्याची चूक नव्हती, मोडी वाचणाऱ्याचीही नव्हती. फॉर्मात बायकोसाठी एकच ओळ होती.

आता जेध्यांची कसोटी आम्ही स्वतःला लावली. काकूआजींनी ऐकलेले सांगितले, नवमीची चाल घरातलीच. बाहेरचा साक्षीदार हवा. म्हणून नाशिकला गेलो. तिथल्या आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे गाव आणि आडनाव यांवरून वह्या लावलेल्या असतात. यजमान आला की मागच्या नोंदी दाखवायच्या, नवी लिहून सही घ्यायची. या वह्याही निर्दोष नाहीत, जुनी वही जीर्ण झाली की तिची नक्कल होते आणि नकलेत चुका शिरतात. पण अस्थी घेऊन आलेला माणूस कुणाच्या अस्थी ते सांगतो, तिथे लपवायला कारण नसते. आणि श्राद्धात बापाबरोबर आई, आजी, पणजी यांची नावे घ्यावी लागतात, म्हणून इनाम कमिशनच्या कागदात नसलेल्या बायका इथे भेटतात. आमच्या पणजोबांची नोंद मिळाली, शके १८१९ ची, मोडीत. लक्ष्मी कोम अमुक. आणि खाली, समागमे मेहुणे, राहणार वाई.

मेहुणे बरोबर आले होते. तिच्या भावाने तिच्या अस्थी रामकुंडावर आणल्या होत्या. आम्ही ते वाचले तेव्हा उपाध्यायांच्या ओटीवर चौघींपैकी कुणी काही बोलले नाही.

हे सगळे घरातल्या मोठ्यांना सांगितले तर एक काका म्हणाले, "झाली शंभर वर्षांवर. आता कशाला?" त्यांचे म्हणणे आम्ही पोटात घातले. पण मैत्रिणींनो, ही 'कशाला' ची गोष्ट नाही. आजही तलाठ्याकडे वारस नोंद करायची असते तेव्हा प्रतिज्ञापत्रावर वंशावळ लिहून द्यावी लागते, आणि त्यात बहिणी गाळल्या जातात. कधी दुष्टाव्याने, कधी नुसत्या सवयीने. "ती काय, दिल्या घरी सुखी आहे." वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबर हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ मध्ये झाली, देशभर ती ९ सप्टेंबर २००५ पासून. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा हक्क जन्माने आहे, त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही. पण कायद्याने दिलेले नाव वंशावळीतच लिहिले नसेल तर फेरफार होतो, सातबारा निघतो, आणि मग ते उलटवायला वर्षे जातात. आमच्याच एका आत्याचे असे झाले. कुठल्या गावी ते सांगत नाही. तिच्या भावांनी तिला पुढे विचारले की सही कर. तिने कागद वाचला, आणि पाहिले की वंशावळीत ती नाहीच, मग सही कशाची? एवढ्या एका प्रश्नावर नोंद अडली आणि शेवटी तिचे नाव लागले.

तसेच जातीच्या दाखल्याचे. पडताळणीला जुना पुरावा लागतो, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधण्याचे काम निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीमार्फत सुरू झाले आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. शाळेच्या जुन्या रजिस्टरात एका अक्षराने मुलाचे शिक्षण अडते किंवा सुटते, हे आम्ही जवळून पाहिले आहे. लग्न झालेल्या मुलीचे तर कागद सगळे माहेरच्या नावाचे, ओळखपत्र सासरच्या नावाचे. दोघी एकच हे सिद्ध करणे तिच्यावरच येते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर नावानंतर आईचे नाव लिहावे लागते, हे चांगले झाले. त्याआधीच्यांचे आपले आपणच लिहायचे.

लिहायचे कसे, ते आमच्या चुकांवरून सांगतो. सापडलेला कागद दुरुस्त करू नका, मूळ कागदावर पेन तर अजिबात लावू नका. शके १८०८ लिहिले आहे तर वहीत शके १८०८ च उतरा आणि पुढे लिहा, कुलवृत्तांतावरून. दुसरीकडे दुसरे साल मिळाले तर तेही खाली, कुठून मिळाले ते लिहून. एकच 'खरे' साल ठेवून बाकीची पुसायचा मोह होतो, आम्हालाही झाला, आणि आम्ही तसे केले असते तर थोरलीचा पत्ताच लागला नसता. विसंगती हीच तिची एकमेव खूण होती. तिथी असेल तर तिथीच लिहा, तारीख शेजारी कंसात. अधिक महिना असेल तर 'अधिक' हा शब्द सोडू नका, एका शब्दाने महिनाभराचा फरक पडतो. सौ. आणि गं. भा. यांच्याकडे नीट बघा, त्यांवरून त्या वेळी नवरा होता की नाही ते कळते. आणि म्हाताऱ्या बाईला विचारायचे ते आज विचारा. काकूआजी आमच्याशी बोलल्या त्यानंतर दुसरी दिवाळी त्यांनी पाहिली नाही.

आम्ही कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीसाठी दुरुस्ती पाठवली. छापील फॉर्म होता, आणि त्यात बायकोसाठी अजून एकच ओळ होती. आम्ही रेघ मारून तिच्या दोन केल्या. पहिल्या ओळीवर लिहिले : लक्ष्मी (थोरली), माहेर वाई, मुले दोन, मृत्यू शके १८१९ च्या आधी किंवा त्याच वर्षी, प्लेगाने. माहेरचे नाव या जागी काही लिहिता आले नाही. वाईच्या त्या आडनावाची दोन घरे अजून आहेत म्हणतात. चैत्रात तिकडे जाणार आहोत. नवमीला येणाऱ्या सवाष्णीला मात्र आता आम्ही कुणाच्या नावाची ओटी ते सांगतो, आणि तिलाही ते ऐकायला आवडते.